युरोपला माल पाठवता? पार्टातल्या रसायनांचा हिशेब असा ठेवा

युरोपातल्या ग्राहकाचा ‘रोहस आणि रीचचे डिक्लरेशन पाठवा’ (म्हणजे मालातल्या रसायनांवरच्या दोन युरोपीय नियमांचा खुलासा) असा मेल आला की बऱ्याच कारखान्यांत सारखीच धावपळ होते. परचेसवाले सगळ्या पुरवठादारांना फोन लावतात, लेटरहेडवर सही-शिक्का मारलेले कागद गोळा होतात, त्यांची फाईल होते आणि विषय मिटला असे सगळे धरून चालतात. पुढे ग्राहकाचा ऑडिटर टेबलावरचा एक स्क्रू उचलून ‘याचा कागद कुठला?’ विचारतो. फाईलमध्ये कंपन्यांची नावे असतात, स्क्रू मात्र कुठेच नसतो.

म्हणून आधीच ठरवून टाका: कागद कंपनीचा नव्हे, पार्ट नंबरचा हवा. पार्ट, त्याचा पदार्थ, बनवणारा आणि तारीख या चार गोष्टी ज्या कागदावर एकत्र नाहीत, तो फाईलमध्ये लावून उपयोग नाही.

खालची पद्धत गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, पिळर्ण, थिवी अशा औद्योगिक वसाहतींमधल्या मध्यम आणि लहान कारखान्यांसाठी आहे. तिथे या कामाला वेगळा विभाग नसतो. क्यूसीचाच एखादा माणूस ते बाकीच्या कामांतून सांभाळतो. उदाहरणाला एक वस्तू धरू: दोन किलोचा विजेचा कंट्रोल बॉक्स. त्यात एबीएस प्लास्टिकचे खोके, पीव्हीसी वायर, दहा पितळी टर्मिनल, झिंक प्लेटिंगचे स्क्रू, पीसीबी, सिलिकॉन गॅस्केट आणि बाहेर एक छापील लेबल.

कुठले नियम लागतात

विजेवर चालणाऱ्या मालाला युरोपात रोहस लागतो (निर्देश २०११/६५). त्यात दहा पदार्थ आहेत. शिसे, पारा, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियम-६), पीबीबी आणि पीबीडीई हे ब्रोमीनयुक्त अग्निरोधक, आणि डीईएचपी, बीबीपी, डीबीपी, डीआयबीपी ही प्लास्टिक मऊ करणारी चार थॅलेट्स, या प्रत्येकाची मर्यादा ०.१ टक्के, कॅडमियमची ०.०१ टक्के. थॅलेट्स २०१५/८६३ या दुरुस्तीने आली. बहुतेक मालाला ती २२ जुलै २०१९पासून लागू झाली, वैद्यकीय आणि मोजमापाच्या उपकरणांना २२ जुलै २०२१पासून.

रीच (नियमन १९०७/२००६) विजेच्या मालापुरता नाही, सगळ्याच वस्तूंना आहे. त्यातली दोन अंगे कारखान्याच्या रोजच्या कामात येतात. एक, परिशिष्ट १७, म्हणजे ठरावीक वापरांवरची सरळ बंदी किंवा मर्यादा. उदाहरणार्थ, हातात धरायच्या रबरी मुठीत आठ ठरावीक पीएएच (तेल-काजळीतून येणाऱ्या) रसायनांपैकी प्रत्येकाला किलोमागे १ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. दुसरे, एसव्हीएचसी, म्हणजे फार काळजीच्या मानलेल्या पदार्थांची कँडिडेट लिस्ट. या यादीतला पदार्थ वस्तूत ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असला म्हणून वस्तू विकायला बंदी नसते, पण ग्राहकाला पदार्थाचे नाव कळवणे भाग असते. ‘बंदी’ आणि ‘कळवणे’ यांतला हा फरक विक्री विभागाला आधी समजावून ठेवा. नाहीतर एसव्हीएचसी सापडला म्हणून चांगला पार्ट बदलला जातो, किंवा सापडलेला पदार्थ घाबरून लपवला जातो. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा फार महागात पडते.

भारतात ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. त्यांतही विजेच्या उपकरणांना अशाच मर्यादा आहेत, पण पदार्थ सहाच, थॅलेट्स नाहीत. त्यामुळे देशी व्हेंडरचा ‘रोहस कंप्लायंट’ कागद खरा असूनही युरोपसाठी अपुरा असू शकतो. कागदावर २०१५/८६३ हा आकडा किंवा दहा पदार्थांची नावे आहेत का, एवढे पाहिले तरी निम्मे अपुरे कागद तिथल्या तिथे बाजूला पडतात.

याशिवाय मोठ्या ग्राहकांच्या स्वतःच्या याद्या असतात, वाहन उद्योगाला आयएमडीएस हा पार्टातल्या पदार्थांचा सामाईक डेटाबेस असतो, आणि शरीरात जाणाऱ्या वैद्यकीय साधनांना वेगळी, जास्त कडक अट असते. त्या त्या ऑर्डरबरोबर त्या तपासाव्या.

भागायचे कशाने

हिशेब चुकतात ते बहुतेक इथेच. ०.१ टक्का कशाच्या वजनाचा, हे रोहस आणि रीचमध्ये वेगळे आहे.

रोहस एकजिनसी पदार्थ मोजतो, म्हणजे कापून, खरवडून, घासून आणखी वेगळा काढता न येणारा थर. कंट्रोल बॉक्सच्या वायरीत तांबे एक पदार्थ, वरचे पीव्हीसी दुसरा, पीव्हीसीवरच्या छपाईची शाई तिसरा. स्क्रूत पोलाद एक, जस्ताचा थर दुसरा, त्यावरचे पॅसिव्हेशन (जस्ताला गंजापासून जपणारा रासायनिक थर) तिसरे. पॅसिव्हेशनचा थर मायक्रॉनच्याही अंशात असतो. स्क्रूच्या एकूण वजनात तो दिसणारही नाही, पण मर्यादा त्या थराला लागते. ‘एवढ्याशा स्क्रूत क्रोमियम असून असून किती असणार?’ हा प्रश्न म्हणूनच फसवा आहे.

रीच वस्तू मोजतो. पण कुठली वस्तू? पूर्वी काही देशांत पूर्ण यंत्राच्या वजनाने भागायचे. १० सप्टेंबर २०१५ला युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की जोडणीत गेलेला सुटा भाग जोडल्यावरही वस्तूच राहतो आणि ०.१ टक्का त्या भागाच्या वजनावर मोजायचा. आपल्या बॉक्सवर हे करून पाहू. पितळी टर्मिनल ४ ग्रॅमचे, पितळेत ३ टक्के शिसे. एका टर्मिनलमध्ये ०.१२ ग्रॅम, दहांत १.२ ग्रॅम. दोन किलोने भागले तर ०.०६ टक्के येते आणि सगळे आलबेल वाटते. हे उत्तर चूक आहे. टर्मिनल ही वस्तू, तिच्यात शिसे ३ टक्के. शिसे २७ जून २०१८पासून कँडिडेट लिस्टवर आहे. म्हणून ग्राहकाला कळवायचे.

याच टर्मिनलला रोहसमध्ये मात्र वाट आहे. तांब्याच्या मिश्रधातूत ४ टक्क्यांपर्यंत शिशाला ६(सी) क्रमांकाची सवलत आहे. अशाच सवलती पोलादातल्या आणि ॲल्युमिनियममधल्या शिशाला, जास्त तापमानाच्या सोल्डरला, काच-सिरॅमिकमधल्या शिशाला आहेत. त्या कायमच्या नसतात, त्यांना मुदत असते आणि फेरविचारात त्यांचे शब्द बदलतात, क्रमांकांचे पोटभाग पडतात. म्हणून नोंदीत ‘सवलत आहे’ एवढेच लिहू नका. क्रमांक, मुदत आणि पुन्हा पाहण्याची तारीख लिहा.

एकूण टनाचा प्रश्नही ग्राहक विचारतो. कँडिडेट लिस्टवरचा पदार्थ आयातदाराच्या सगळ्या वस्तूंत मिळून वर्षाला १ टनाच्या वर गेला, तर त्याने युरोपीय रसायन संस्थेला सूचना द्यायची असते. त्या वापरासाठी पदार्थाची आधीच नोंदणी झालेली असेल तर सूट मिळते. आपल्या बॉक्समधून १.२ ग्रॅमच्या हिशेबाने १ टन शिसे जायला सव्वाआठ लाखांहून अधिक बॉक्स लागतील. सूचना देणे आयातदाराचे काम, पण एका बॉक्समागचा आकडा तुमच्याकडूनच जाणार. शिवाय ५ जानेवारी २०२१पासून त्याला अशा वस्तू स्किप नावाच्या डेटाबेसमध्ये नोंदवाव्या लागतात. तिथे पार्टचे नाव, पदार्थ, टक्केवारीचा पट्टा आणि पार्ट ज्याचा बनला त्या मटेरियलचा वर्ग विचारतात. तेवढे चार रकाने तुमच्या तक्त्यात आधीपासून असले की मेलामेलीचे काही दिवस वाचतात.

बीओएम फोडा आणि धोका ठरवा

बीओएम म्हणजे वस्तूत जाणाऱ्या पार्टांची यादी. शेकडो पार्ट असले तरी एक्सेल पुरते. एका ओळीत एक पार्ट: पार्ट नंबर, रिव्हिजन, वजन, कशाचा बनला आहे, बनवणारा, विकणारा, कागदाचा प्रकार, कागदाची तारीख, कँडिडेट लिस्टची कुठली आवृत्ती, सवलत, धोक्याची पायरी. बनवणारा आणि विकणारा हे दोन रकाने वेगळेच ठेवा. मडगावच्या ट्रेडरकडून वायर घेतली तरी वायर बनवली दुसऱ्याने. तिच्यातल्या रसायनाची माहिती ट्रेडरकडे नसते आणि असणारही नाही. ट्रेडरच्या सहीच्या कागदाला फार वजन देऊ नका. मूळ उत्पादकाचा कागद आणि बॅच नंबर मागा.

इंजिनिअरिंगच्या बीओएममध्ये नसलेल्या गोष्टीही या तक्त्यात आणा: सोल्डर वायर, फ्लक्स, गोंद, थ्रेडलॉक, ग्रीस, लेबल, शाई, टाय, पॅकिंगची पिशवी. पावसाळ्यात गोव्यातून समुद्रमार्गे माल जातो तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या मूठमूठ टाकल्या जातात. निळे मणी ओलाव्याने गुलाबी होतात ते कोबाल्ट क्लोराईडमुळे, आणि ते २००८च्या पहिल्याच कँडिडेट लिस्टवर होते. नारंगी मण्यांची कोबाल्टविरहित किंवा सरळ बिनरंगाची जेल घ्या. पुड्यांवर डीएमएफ नसल्याची हमीही मागा. त्या बुरशीनाशकाची युरोपातली मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे.

आता धोका. सगळ्या पार्टांकडे सारख्याच संशयाने पाहिले तर वर्षभरात काम संपणार नाही. आयईसी ६३००० हे मानकही तेच सांगते: पदार्थात ते रसायन असण्याची शक्यता आणि पुरवठादाराचा भरवसा या दोन्हींवर कागद किती खोल हवा ते ठरवा. संशयाच्या जागा साधारण अशा:

मऊ पीव्हीसी पहिल्या नंबरावर. वायर, स्लीव्ह, ग्रॉमेट, पारदर्शक नळी यांत मऊपणा येतो तो प्लास्टिसायझरने, आणि स्वस्त प्लास्टिसायझर म्हणजे बहुधा डीईएचपी. ते टक्का-दोन टक्के नसते, पीव्हीसीच्या वजनाच्या चौथाई-तिसरा हिस्सा असू शकते. आणखी एक गुण त्याच्यात आहे: ते सरकते. थॅलेट नसलेली गॅस्केट डीईएचपीच्या पीव्हीसी पिशवीत किंवा मॅटवर पडून राहिली, तर तिच्यात ते उतरते. स्टोअरच्या रॅकवर कसली मॅट अंथरली आहे, ते जाऊन पाहा.

काळे प्लास्टिक, त्यातही रिसायकल केलेले. जुन्या टीव्ही-संगणकांच्या खोक्यांतले ब्रोमीनयुक्त अग्निरोधक भंगारातून दाण्यांत येतात, आणि काळ्या रंगात काहीही खपून जाते. मोल्डरला ‘रिग्राइंड (दळून पुन्हा वापरलेले प्लास्टिक) किती टक्के आणि कुठला?’ हे थेट विचारा. स्वतःच्या साच्यातून उरलेल्या रनरचा रिग्राइंड वेगळा, बाजारातला वेगळा.

पिवळा, नारंगी, लाल रंग. मास्टरबॅच (प्लास्टिकला रंग देणारे दाणे) आणि रंगांत कॅडमियम किंवा लेड क्रोमेट असू शकते. पिगमेंट यलो ३४ आणि पिगमेंट रेड १०४ हे दोन्ही कँडिडेट लिस्टवर आहेत.

टर्निंगचे पार्ट. फ्री-कटिंग पितळेत साधारण २ ते ३.५ टक्के आणि लेडेड फ्री-कटिंग पोलादात ०.३५ टक्क्यांपर्यंत शिसे मुद्दाम घातलेले असते, कारण चिप सुटी पडते आणि टूल टिकते. इथे प्रश्न ‘आहे का’ हा नसतो. ‘कुठली ग्रेड, आणि सवलतीत बसते का’ एवढेच पाहायचे.

सिलिकॉन रबरात डी४, डी५, डी६ हे सायक्लोसिलोक्सेन उरलेले असतात. तिन्ही २०१८च्या जूनमध्ये यादीत आले. पोस्ट-क्युअर (साच्यातून काढल्यावर भट्टीत तापवणे) नीट न केलेल्या मालात ते जास्त राहतात.

राहता राहिले प्लेटिंग. त्याला जरा जास्त जागा देतो, कारण गोव्यात हा खास त्रास आहे. खाऱ्या हवेत स्क्रू लवकर पांढरे पडतात, म्हणून फिटरांपासून इंजिनिअरांपर्यंत सगळ्यांचा भरवसा जुन्या पिवळ्या पॅसिव्हेशनवर. ती सोनेरी-इंद्रधनुषी झाक बहुधा हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची असते. पण रंगावरून निकाल देऊ नका: ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशनलाही रंग घालून पिवळे करतात. ड्रॉइंगवर नुसते ‘झिंक प्लेटेड, यलो’ असेल तर प्लेटर जुनेच करणार, त्यात त्याची चूक नाही. ड्रॉइंगवर लिहा: आयएसओ १९५९८प्रमाणे, क्रोमियम-६ विरहित पॅसिव्हेशन, जस्ताचा थर अमुक मायक्रॉन, वर सीलर, सॉल्ट स्प्रेमध्ये (खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याच्या चाचणीत) पांढरा गंज येईपर्यंत अमुक तास. तास लिहिल्याशिवाय ट्रायव्हॅलंट घेऊ नका; सीलर वगळला की ते लवकर हार मानते, आणि मग सगळे पुन्हा जुन्या पिवळ्याकडे वळतात. प्लेटिंग बाहेर, बेळगाव-कोल्हापूरकडे पाठवत असाल तर एकदा शॉप पाहून या. दोन्ही बाथ एकाच लाइनवर असतील आणि धुण्याची टाकी एकच असेल, तर ट्रायव्हॅलंटच्या मालावरही हेक्झाव्हॅलंट चढू शकते.

पुरवठादाराला काय लिहायचे

‘रीच सर्टिफिकेट द्या’ असे लिहिले की ‘आम्ही रीच कंप्लायंट आहोत’ असे उत्तर येते. त्याला काही अर्थ नाही. मागणीत नेमकेपणा असला तरच उत्तरात येतो. स्थानिक जॉबवर्कवाल्याला मराठीतून लिहिले तरी चालते, उलट उत्तर लवकर येते:

‘सोबतच्या यादीतले पार्ट आपण आम्हाला पुरवता. प्रत्येक पार्ट नंबरपुढे कृपया लिहा: (१) पदार्थाचे नाव, ग्रेड आणि मूळ उत्पादक, (२) रोहसच्या दहा पदार्थांपैकी एखादा मर्यादेपेक्षा जास्त आहे का, असल्यास किती टक्के व कुठल्या सवलतीखाली, (३) अमुक तारखेच्या कँडिडेट लिस्टमधला कुठला पदार्थ ०.१ टक्क्यापेक्षा जास्त आहे का, असल्यास त्याचा कॅस नंबर (रसायनाचा ओळख क्रमांक) व टक्केवारी; (४) पदार्थ, उत्पादक, प्रक्रिया किंवा कारखाना बदलण्याआधी आम्हाला लेखी कळवाल ना. उत्तर तीन आठवड्यांत मिळावे.’

पार्टांची यादी तुम्हीच भरून पाठवा, समोरच्याने फक्त रकाने भरायचे. मोठ्या इलेक्ट्रॉनिक पार्ट उत्पादकांना पत्र लिहायची गरज सहसा नसते. त्यांच्या संकेतस्थळावर पार्ट नंबर टाकला की डिक्लरेशन किंवा आयपीसी-१७५२ नमुन्यातली फाईल मिळते. त्या नमुन्यातला क्लास डी म्हणजे पूर्ण पदार्थ-यादी. ती मिळत असेल तर तीच घ्या, कारण उद्या यादीत नवा पदार्थ आला तर पुरवठादाराला न विचारता तुम्हालाच शोधता येते.

काही जण फॉर्म्युला गुपित आहे म्हणतात. त्यात गैर काही नाही. पूर्ण घटक नकोत, ‘या यादीतले पदार्थ मर्यादेपेक्षा जास्त नाहीत’ एवढे पार्टनिशी लिहून द्या म्हणा. तेही देत नसेल तर त्या पार्टाची पायरी वर चढवा आणि तपासणीला पाठवा. खर्च कोणी करायचा ते परचेस ऑर्डरच्या अटींत आधीच लिहिलेले असावे.

आलेला कागद वाचताना

तारीख नसेल तर परत. कँडिडेट लिस्टची आवृत्ती नसेल तर परत. पार्ट नंबर नसेल तर परत. ‘टू द बेस्ट ऑफ अवर नॉलेज’ असे लिहिलेले असले तर लगेच नाकारू नका, सगळेच लिहितात; पण त्या ज्ञानाचा आधार काय ते एका ओळीत मागा.

पुष्कळदा एसडीएस (रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक) पाठवून भागवले जाते. एसडीएस मिश्रणासाठी असते: रंग, गोंद, सॉल्व्हंट. वाळलेल्या रंगाच्या थराबद्दल ती थेट काही सांगत नाही. तिसऱ्या विभागातले घटक आणि कॅस नंबर यादीशी ताडून पाहायला ती चांगली, डिक्लरेशनच्या जागी चालणार नाही.

टेस्ट रिपोर्ट आला तर आधी नमुन्याचा फोटो पाहा. तुम्ही निळी वायर घेता आणि फोटोत काळी असते, असे होते. मग लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी भारतीय संस्था) मान्यताप्राप्त आहे का, आणि ती चाचणी तिच्या मान्यतेच्या व्याप्तीत आहे का, ते एनएबीएलच्या संकेतस्थळावर पाहा. मान्यता लॅबला एकगठ्ठा नसते, चाचणीनिहाय असते. तिसरे, नमुना कसा घेतला? ‘काळे प्लास्टिक + पांढरे प्लास्टिक + धातू’ असा मिसळून तपासलेला रिपोर्ट स्वस्त पडतो, पण तीन पदार्थ मिसळले की एकातले शिसे तिघांत वाटले जाऊन मर्यादेखाली दिसते. असा रिपोर्ट एकजिनसी पदार्थाचा पुरावा नाही. चौथे, ‘एन.डी.’ (सापडले नाही) पुढे शोधमर्यादा किती लिहिली आहे ते पाहा.

तपासणी: किती आणि कुठली

एक्सआरएफ पिस्तूल (क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणारे हातातले यंत्र) चाळणीला उत्तम. स्वतःचे नसेल तर भाड्याने किंवा लॅबकडून. त्याची हद्द मात्र ओळखून वापरा. ते मूलद्रव्य सांगते, संयुग नाही. क्रोमियम दाखवते, पण ते तीनचे की सहाचे ते सांगत नाही. ब्रोमीन दाखवते, पीबीडीई सांगत नाही. पीसीबीच्या एफआर-४ लॅमिनेटमध्ये ब्रोमीन भरपूर दिसते ते बहुधा टीबीबीपीए या वेगळ्या अग्निरोधकाचे; ते पाहून बोर्ड फेकू नका, जीसी-एमएस ही संयुग ओळखणारी लॅब चाचणी करा. थॅलेट्स तर एक्सआरएफला दिसतच नाहीत. मऊ पीव्हीसी एक्सआरएफने ‘पास’ करणे ही फार सर्रास होणारी चूक आहे.

आयईसी ६२३२१-३-१प्रमाणे प्लास्टिकमधल्या शिशाचे वाचन ७०० पीपीएमच्या बरेच खाली आले तर पास, १३००च्या बरेच वर गेले तर फेल, मधले संशयित म्हणून लॅबला. ‘बरेच’ म्हणजे यंत्राच्या अनिश्चिततेच्या तिप्पट. ती वाचनाबरोबर पडद्यावर येते.

लॅबला पाठवताना चाचणीचे नाव लिहून द्या: शिसे, कॅडमियम, क्रोमियमला ६२३२१-५, पाऱ्याला ६२३२१-४, पीबीबी-पीबीडीईला ६२३२१-६, थॅलेट्सना ६२३२१-८, धातूवरच्या थरातल्या क्रोमियम-६ला ६२३२१-७-१. या शेवटच्या चाचणीत उत्तर पीपीएममध्ये येत नाही, चौरस सेंटिमीटरमागे मायक्रोग्रॅममध्ये येते: ०.१०च्या खाली नाही, ०.१३च्या वर आहे, मधले अनिश्चित. थर जुना होताना, साठवणुकीत, हे प्रमाण बदलते, म्हणून नमुना ताजा पाठवा आणि प्लेटिंगची तारीख लिहा.

किती वेळा? धोक्याची वरची पायरी असेल तर नवा पार्ट, नवा पुरवठादार आणि त्यानंतर वर्षातून एकदा. मधली पायरी असेल तर सुरुवातीला एकदा आणि बदल झाल्यावर. नुसत्या स्टेनलेसच्या पत्र्याला मिल सर्टिफिकेट पुरते.

मागच्या दाराने येणारा माल

तक्ता कितीही नीट ठेवला तरी माल दुसऱ्या वाटेनेही आत येतो. चतुर्थीच्या आठवड्यात व्हेंडर बंद असतो, कंटेनर अडलेला असतो, आणि कोणीतरी म्हापशाच्या हार्डवेअरच्या दुकानातून शंभर स्क्रू आणि दोन बंडल वायर आणतो. बिल पेटी कॅशमध्ये जाते, इनवर्डवर नोंदच होत नाही. हे टाळायचे तर उपदेश पुरत नाही, दोन व्यवस्था लागतात. एक, वरच्या पायरीच्या पार्टांचा जास्तीचा साठा सणाच्या आणि पावसाच्या आधीच करून ठेवा. दोन, निर्यातीच्या लाइनवर बिनटॅगचा माल चढवायचा नाही. टॅगवर पार्ट नंबर आणि बॅच. टॅग फक्त स्टोअर देणार, आणि तक्त्यात त्या पार्टापुढे हिरवा रंग (कागद पूर्ण) असल्याशिवाय देणार नाही.

रिपेअर बेंच ही दुसरी फट. लाइनवर लेड-फ्री सोल्डर असते, ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबे, वितळायला सुमारे २१७ अंश. बेंचवर मात्र १८३ अंशांना वितळणारी जुनी ६३/३७ची (कथील-शिशाची) रीळ, कारण तिचा जोड झटपट बसतो. एका जोडामुळे बोर्ड मर्यादेबाहेर जातो. जुनी रीळ इमारतीतूनच काढा. देशी मालासाठी लागत असेल तर वेगळी खोली, वेगळी बिट, वेगळा स्पंज. वेव्ह सोल्डरच्या बाथचा नमुना ठरावीक काळाने तपासा. पार्टांच्या पायांवरून शिसे उतरून बाथमध्ये साठते, आणि तिथेही ०.१ टक्क्याची हद्द आहे.

तिसरी फट म्हणजे न कळवलेला बदल. मोल्डर दाण्यांची कंपनी बदलतो, पार्ट नंबर तोच राहतो. इनवर्डला डिलिव्हरी चलनावर ग्रेड आणि बॅच छापलेली असण्याची सक्ती करा. बदल कागदावर दिसतो तो तिथेच.

यादी बदलली की

कँडिडेट लिस्ट साधारण वर्षातून दोनदा वाढते, जानेवारीत आणि जूनच्या आसपास. मध्येच एखादी भर पडते. २०२५च्या जूनमध्ये तिच्यावर २५० नोंदी झाल्या. प्रत्येक वेळी सगळ्या पुरवठादारांना पत्र पाठवले तर तिसऱ्या वेळी कोणी उघडणार नाही. नवा पदार्थ कशात वापरतात ते आधी वाचा. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये ट्रायफेनिल फॉस्फेट आले. ते अग्निरोधक प्लास्टिकमध्ये, विशेषतः पीसी-एबीएस मिश्रणांत असते. म्हणजे पत्र प्लास्टिक, गोंद आणि केबलवाल्यांना. पत्र्यावाल्याला कशाला त्रास?

पीएफएएसबद्दलचे (फ्लोरीनयुक्त, सहज न विघटणाऱ्या रसायनांच्या गटाबद्दलचे) रकाने आतापासून भरून ठेवा: पीटीएफई टेप, फ्लोरोरबरचे ओ-रिंग, काही ग्रीस. पाच युरोपीय देशांनी २०२३मध्ये या सगळ्या गटावर निर्बंधाचा प्रस्ताव दिल्यापासून ग्राहक ते विचारू लागले आहेत.

कागद दहा वर्षे ठेवायचे, तेही माल बाजारात गेल्यापासून मोजून. बदललेला कागद जुन्याच्या जागी ठेवू नका. जुना तसाच राहू द्या, कारण तीन वर्षांपूर्वी गेलेल्या बॉक्सला तेव्हाचाच कागद लागू आहे. स्वतःच्या ब्रँडने विकत असाल तर सीई चिन्ह, डिक्लरेशन ऑफ कन्फर्मिटी आणि तांत्रिक फाईल ही जबाबदारी तुमची. दुसऱ्याच्या यंत्रासाठी पार्ट करत असाल तर फाईल त्याची, पण तिच्यातली पाने तुमची.

मर्यादेबाहेर सापडलेच तर

आधी साठा थांबवा: स्टोअर, लाइन, तयार माल, जॉबवर्कवाल्याकडचा माल, सगळीकडे लाल टॅग. मग बॅच नंबरावरून कुठल्या इनव्हॉइसमध्ये काय गेले त्याची यादी काढा. टॅगची शिस्त पाळली असेल तर हे तासाभराचे काम, नाहीतर आठवडा जातो. दुसऱ्या लॅबकडून त्याच बॅचची खात्री करून घ्या, पण तिचा निकाल येईपर्यंत माल सोडू नका. ग्राहकाला कळवताना पार्ट, पदार्थ, टक्केवारी, चाचणीची पद्धत, गेलेली संख्या आणि तारखा एकाच पत्रात द्या. तुकड्यातुकड्यांनी आलेल्या माहितीने संशय वाढतो. एसव्हीएचसी असेल तर बहुधा फक्त डिक्लरेशन बदलावे लागते. रोहसची मर्यादा मोडली असेल तर माल परत घ्यायचा की पार्ट बदलायचा, ते आयातदार तिथल्या यंत्रणेशी बोलून ठरवतो. दरम्यान पुरवठादाराकडून नवा कागद मागवून जुन्या बॅचला चिकटवू नका. बॅचची तारीख कागदाच्या आधीची निघाली, तर एका स्क्रूचा प्रश्न पूर्ण फाईलवर येतो.